अटेंडरकाका म्हणायचे, ‘पाप’

बादलीवर ओलं गोणपाट झाकलेलं असायचं. दर बुधवारी दुपारी दोन वाजता अटेंडरकाका ती बादली फार्माकॉलॉजीच्या लॅबमध्ये आणून ओट्याखाली ठेवायचे. गोणपाटाखालून अधूनमधून थप् असा आवाज यायचा. १९९६ साल होतं. मी बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला होते. जांबोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातून बेळगावला शिकायला आलेली, टिळकवाडीत एका आजींच्या घरी खोली घेऊन राहिलेली. दहावीपर्यंत मराठी शाळा, त्यामुळं इंग्रजी कसंबसं रेटत होते, आणि कन्नड म्हणजे बसची पाटी वाचण्यापुरतं.

काका बैलहोंगलकडचे. मराठी बोलायचे, पण मोजकं. बादलीतून एकेक बेडूक काढून आमच्या हातात द्यायचे आणि देताना प्रत्येक वेळी एकच शब्द उच्चारायचे. ‘पाप.’ अगदी हळू, स्वतःशीच. एखादा बेडूक फारच धडपडला तर दोनदा, ‘पाप, पाप.’

मला त्याचा राग यायचा. आम्ही काय हौसेनं करतोय का? सिलॅबस आहे, परीक्षेला आहे, जर्नलमध्ये सही लागते. शेतकऱ्याच्या घरातून कर्ज काढून शिकायला आलेल्या मुलीला तुम्ही दर बुधवारी पाप लागेल म्हणून सांगताय? एकदा मैत्रिणीला मी हे बोललेही. ती म्हणाली, ‘जाऊ दे गे, म्हातारं माणूस आहे.’

पिथिंग म्हणजे सुईनं बेडूक मारणं. ते कसं करतात ते सांगते, कारण ते न सांगता पुढचं बोलण्यात अर्थ नाही. डाव्या हातात ओल्या फडक्यात बेडूक धरायचा, पाठ वर. तर्जनीनं त्याचं तोंड खाली दाबायचं, म्हणजे मान वाकते आणि कवटी नि मणका यांच्यामध्ये एक बारीक खोलगट जागा उजव्या हाताच्या नखाला लागते. तिथं सुई घालायची. आधी कवटीकडं वळवून फिरवायची, म्हणजे मेंदू जातो. मग मागं वळवून मणक्यात. पाय एकदम ताठ होतात आणि मग सैल सुटतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की यानंतर प्राण्याला वेदना होत नाही. ते खरं आहे. पण सुई पहिल्याच वेळी बरोबर जागी गेली तर. माझी गेली नाही. तीनदा चुकली. तिसऱ्यांदा त्यानं पुढच्या पायांनी माझं बोट धरलं, बाळानं धरावं तसं. ती पकड अजून माझ्या बोटाला आठवते. काका पुढं आले, माझ्या हातातून त्याला घेतलं आणि एका क्षणात संपवलं. ‘पाप,’ म्हणाले.

मग पोटाचा स्नायू काढायचा, रेक्टस ॲब्डॉमिनिस. दोन्ही टोकांना दोरा बांधून रिंगरच्या द्रावणात, म्हणजे स्नायू जिवंत ठेवणाऱ्या खारट पाण्यात टांगायचा, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि तो सैल होईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबायचं. त्या वेळात ज्या फिरत्या ड्रमवर रेघा उमटतात त्याला काजळी धरायची. रॉकेलच्या धुरावर कागद गुंडाळलेला ड्रम फिरवत राहायचं, नाकपुड्या काळ्या होईपर्यंत. नंतर ॲसिटिलकोलीन, स्नायू आखडवणारं रसायन. आधी ०.१ मिली, मग ०.२, ०.४, ०.८. स्नायू आखडला की लिव्हर वर जातो आणि काजळीवर पांढरी रेघ उमटते. डोस वाढेल तशी रेघ उंच. शेवटी एका उंचीला पोचल्यावर कितीही औषध घाला, तिथंच.

ट्रेमध्ये उरलेल्या बेडकाचं काळीज अजून उडत असायचं. बेडकाचं हृदय तसं बराच वेळ चालतं, मेंदूची वाट न बघता. आम्ही पट्टीनं रेघांची उंची मोजत असायचो आणि शेजारी ते चालूच. मला दहापैकी नऊ मार्क मिळाले.

आता इतक्या वर्षांनी त्या दुपारचा विचार करते तेव्हा बेडूक मेला याच्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त टोचते. तो आलेख आधीच पुस्तकात छापलेला होता. इंग्रजी एसच्या आकाराची ती रेघ कशी येणार, कुठं चढणार, कुठं सपाट होणार, हे आम्हाला, सरांना, मागच्या वर्षीच्या मुलांना, सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या रेघा पुस्तकासारख्या आल्या नाहीत तर तो शेजारच्याचा आलेख बघून आकडे लिहायचा. त्या बेडकाला आम्ही असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर आम्हाला नकोच होतं.

काकांच्या शब्दाचा अर्थ मला कळायला पुढं पाच-सहा वर्षं लागली. तोवर खानापुरात आमचं मेडिकल सुरू झालं होतं. एक दिवस एक बाई ताप आलेलं मूल कडेवर घेऊन आल्या. शेजारच्या दवाखान्यातून नुकतंच इंजेक्शन घेतलेलं, त्यामुळं हुंदके देत होतं. बाकावर बसलेल्या एका कानडी आज्जीनं हात पुढं करून त्याच्या पायावरून फिरवला आणि म्हणाली, ‘पाप, कूसु!’ तोच सूर. मी औषध देता देता थांबले. त्या लेकरानं कसलं पाप केलं? आज्जीला विचारलं, तर ती हसली. कानडीत असं म्हणतात, म्हणाली, कुणाचं दुखलं खुपलं की. बिचारं. गरीब बिचारं लेकरू.

म्हणजे काका आम्हाला काही म्हणतच नव्हते. ते बेडकाशी बोलत होते.

सीमेवर राहणाऱ्याला असे शब्द नवे नाहीत. एकच शब्द नदीच्या या काठाला एक आणि त्या काठाला दुसरा. पण या एका शब्दानं मला फार दिवस झोपू दिलं नाही. आपल्या मराठीत पाप म्हटलं की लगेच करणाऱ्याकडं बोट जातं. केलं का? लागेल का? फिटेल कसं? सगळा हिशोब माणसाचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल वाद होतात तेही याच वळणानं जातात. एक म्हणतो हे पाप आहे, दुसरा म्हणतो माणसाचा जीव वाचतो म्हणजे पाप नाही, आणि दोघंही ट्रेकडं बघत नाहीत. बैलहोंगलच्या माणसाचं ‘पाप’ आधी ट्रेकडं बघतं.

टिळकवाडीत राहत असताना मी सकाळी व्हॅक्सिन डेपोत फिरायला जायची. बेळगावकरांना वेगळं सांगायला नको, ती दाट झाडी, ते मोठं मैदान, जुन्या इमारती. माझ्या खोलीवरच्या आजी त्याला नुसतं ‘डेपो’ म्हणायच्या, आणि मला बरेच दिवस वाटत होतं की पूर्वी तिथं बसडेपो असेल. तिथं देवीची लस तयार व्हायची. मुंबई इलाख्याच्या काळापासून. आणि देवीची लस तेव्हा बाटलीत नव्हे, वासराच्या कातडीवर तयार व्हायची. वासराच्या नाहीतर रेडकाच्या पोटावरचे केस काढायचे, कातडीवर बारीक चरे पाडायचे, त्यात लस चोळायची. पाचेक दिवसांत तिथं फोड धरतात. ते खरवडून, वाटून, ग्लिसरिनमध्ये मिसळून गावोगाव पाठवायचे. व्हॅक्सिन या शब्दातच गाय आहे, लॅटिनमधली वाका. जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीपासून लस टोचली, तेव्हापासूनची.

माझ्या आईच्या डाव्या दंडावर दोन वण आहेत, चवलीएवढे, मधे खोलगट. लहानपणी मी त्यात बोट घालून बसायची. ‘देवी काढलेल्या,’ आई सांगायची. आईच्या आजोळी तिच्या आधीच्या पिढीत देवीनं दोन मुलं गेली होती, एक मावशी आंधळी झाली होती. मे १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. ८ मे १९८० ला सगळं जगच देवीतून मोकळं झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. माझ्या दंडावर वण आहे. माझ्या धाकट्या भावाच्या दंडावर नाही. त्याची गरजच उरली नाही.

त्या मैदानावर आता पोरं क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसं पहाटे चालतात. मी झाडाखाली बसून कधीकधी त्या वासरांचा विचार करायची. त्यांच्या पाठीवर हात फिरवणारं कुणी असेलच. वासरं सांभाळायला ठेवलेला कुणीतरी गडी, कानडी नाहीतर मराठी, संध्याकाळी त्यांना पेंढा घालणारा. तो काय म्हणत असेल?

नोव्हेंबर २००८. भात कापणी चालू होती. बाबा बांधावर पेंढ्या गोळा करत होते, आणि पेंढीखाली घोणस होती. आधी दोन तास गावातल्याच एका मंत्र घालणाऱ्याकडं गेले. मी खानापुरात होते, मला कळेपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ते दोन तास मी आजही कुणाला माफ केलेले नाहीत. स्वतःलाही नाही. घरात औषधांचं दुकान असताना गावात ही एक गोष्ट मी कधी नीट सांगून ठेवली नव्हती.

बेळगावच्या दवाखान्यात त्यांनी पहिलं काय केलं, तर एका कोरड्या काचेच्या नळीत बाबांचं थोडं रक्त घेतलं आणि ती नळी स्टँडमध्ये उभी ठेवली. हलवायची नाही. वीस मिनिटं. मी पुस्तकात वाचलेली टेस्ट समोर चालू होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटकच संपवून टाकतं. वीस मिनिटांनी नर्सनं नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

दहा बाटल्या लागल्या पहिल्यांदा. पांढरी पावडर असते, तिच्यात दहा मिली पाणी सोडायचं आणि बाटली दोन तळहातांत हळूहळू फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं. नर्स एकटीच होती, मी म्हटलं मी फार्मासिस्ट आहे, द्या. दहातल्या पाच बाटल्या मी फिरवल्या. आजारी माणसाचे हात चोळावेत तशा. सहा तासांनी पुन्हा नळी लावली, पुन्हा पातळ. पुन्हा बाटल्या. पहाटे चारच्या नळीत रक्त गोठलं. नर्सनं ती माझ्यासमोर उलटी धरली, थेंब पडला नाही.

आई बाहेरच्या बाकावर होती. तिला सांगितलं, उतार पडलाय. तिनं विचारलं, कशाचं औषध ते? मी सांगितलं, घोड्याचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारींचं विष घोड्याला थोडं थोडं टोचतात, त्याला सोसवेल एवढंच, दर वेळी जरा वाढवत. त्याच्या रक्तात विषावरचा उतारा तयार होतो. मग ते रक्त काढतात.

‘घोड्याचं रगात? तेंच्या अंगात?’

‘रक्त नव्हं गे आई, रक्तातनं काढलेलं.’

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आनि त्या घोड्याला कोन ववाळतंय गे?’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्याकडं बेंदराला बैलाची शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरमाळा, पुरणपोळीचा घास. त्या दिवशी त्याला औताला जुंपत नाहीत. वर्षभर त्याच्याकडून काम घेतलंय हे एक दिवस तरी सगळं गाव तोंडानं कबूल करतं. घोड्याचं मी तिला सांगितलं, पण उंदरांचं नाही सांगितलं. सापाच्या औषधाच्या बाटलीबरोबरच्या कागदावर छापलेलं असतं की एक मिली औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं, घोणशीचं ०.६, मण्यारीचं आणि फुरश्याचं ०.४५. हे आकडे कुठून येतात? पांढऱ्या उंदरांच्या गटांना विष आणि औषध एकत्र करून टोचतात आणि ठरलेल्या वेळी किती जिवंत आहेत ते मोजतात. प्रत्येक बॅचला. बाबांच्या दहा बाटल्यांमागं घोडा होता, आणि घोड्यामागं उंदरांच्या ओळी.

पुढच्या बेंदराला आईनं कुंभाराकडून मातीच्या बैलांच्या जोडीबरोबर एक घोडा करून घेतला. बैलांशेजारी पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं. बाबांनी काही विचारलं नाही. पाय पुढं करून बसले होते, त्या पायाची कातडी अजून काळी होती. तेव्हापासून दर बेंदराला घोडा असतो.

मी दिवसभर काउंटरमागं उभी असते आणि माझ्या पाठीमागं शेल्फ असतात. तिथल्या जवळजवळ प्रत्येक पट्टीच्या मागं कुठला ना कुठला प्राणी आहे. अमॉक्सिसिलिन घ्या, पेनिसिलिनच्याच घरातलं. २५ मे १९४० ला ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी यांच्या लॅबमध्ये आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. सकाळपर्यंत पेनिसिलिन न दिलेले चारही मेले होते. आठच उंदीर, पण त्या रात्री कुणालाही उत्तर माहीत नव्हतं. माझ्या बेडकात आणि त्या आठांत मला जो फरक दिसतो तो हाच. आणि याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर पेनिसिलिन कदाचित कपाटात गेलं असतं, कारण गिनीपिगला ते मानवत नाही, मरतात ते. प्राणी म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. ‘उंदरावर चाललं’ म्हणजे माणसावर चालेलच, असं माझ्या दुकानात येऊन कुणी म्हटलं तर मी त्याला थांबवते.

पण खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांकडं बघितलं की प्रयोग सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांबरोबरही मला जाता येत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फाचं एक गोड पातळ औषध निघालं होतं. गोळी विरघळायला त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा विषारी द्रव घातला होता. चव बघितली, रंग बघितला, वास बघितला. कुठल्या प्राण्याला पाजून बघितलं नाही. शंभराच्या वर माणसं गेली, त्यात मुलं फार. दुसऱ्या वर्षी तिथं कायदा आला की औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवावं लागेल. मी रोज आयांच्या हातात पातळ औषधाची बाटली देते. ते शंभर जण मला विसरता येत नाहीत.

फ्रिजमध्ये इन्सुलिन. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांचं स्वादुपिंड काढून त्यांना मधुमेह घडवला आणि मग अर्क टोचून साखर उतरवली. त्यानंतर साठ वर्षं इन्सुलिन डुकरांच्या नि गायीगुरांच्या स्वादुपिंडातून यायचं. १९८२ पासून जिवाणूंकडून तयार केलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आहे. ते काही दयेपोटी झालं नाही, पुरवठ्याची काळजी होती, शुद्धतेची होती. पण प्राणी त्यातून सुटला एवढं खरं. सुटका कुठल्या दारानं झाली याबद्दल मी फार चिकित्सा करत नाही.

आणि मग काजळ, क्रीम, शाम्पू. सशाच्या डोळ्यात पदार्थ घालून लाली किती येते ते मोजायची पद्धत १९४४ पासूनची. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करायला आपल्या देशात २०१४ पासून कायद्यानं बंदी आहे, आणि तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही. यावर मला जास्त लिहायचं नाही. गोरं दिसण्यासाठी सशाचा डोळा, याला दुसरी बाजू मला तरी सापडलेली नाही.

माझी भाची आता बी. फार्म करते. गेल्या गणपतीला आली होती. लॅपटॉपवर तिचं प्रॅक्टिकल दाखवत होती. पडद्यावर चित्रातला ऑर्गन बाथ, म्हणजे स्नायू टांगायचं भांडं, बटण दाबलं की ०.१ मिली, रेघ वर. पुन्हा बटण, ०.२. २०१७ पासूनच्या फार्मसीच्या अभ्यासक्रमात प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअरवर आणि व्हिडिओवरच दाखवायचे आहेत. मी बघत राहिले. तीच रेघ. तसूभर फरक नाही.

‘मावशी, तुम्ही खरंच बेडूक मारायचा?’

मी ट्रंकेतलं जर्नल काढून दाखवलं. व्हार्निशमध्ये बुडवलेला तो कागद अजून तसाच आहे, काळ्यावर पांढऱ्या रेघा, कोपऱ्यात लाल शाईत ९/१०. तिनं लॅपटॉप शेजारी सरकवला आणि दोन्ही आलेख बघितले. ‘सेम टु सेम आहे की,’ म्हणाली. मी जर्नल मिटलं. तिला काही वाईट म्हणायचं नव्हतं.

मला वाटायचं, आमच्या वेळी पर्याय नव्हता म्हणून ते झालं. हा समज दोन वर्षांपूर्वी मोडला. माझा नवरा माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. एका कॉलेजच्या प्राणी आचारसंहिता समितीवर त्याला घेतलं. अशा समितीवर नियमानं एक माणूस असा लागतो जो शास्त्रज्ञ नाही, समाजाची जाण असलेला हवा. तो घाबरूनच गेला होता. फायली घरी घेऊन आला, सोबत कायद्याची प्रतही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, १९६०. ज्या कायद्यासाठी नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आधी स्वतः विधेयक आणलं होतं, तो. जेवणं झाल्यावर तो मोठ्यानं वाचत होता आणि कलम १७ पाशी आला. शाळा-कॉलेजांत पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी काम भागत असेल तिथं शक्यतो प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, अशा अर्थाचं.

‘परत वाच,’ मी म्हटलं.

त्यानं परत वाचलं. १९६०. माझी आई दहा वर्षांची होती. मी जन्माला यायच्या कितीतरी आधी माझ्या त्या बुधवारचं उत्तर देशाच्या कायद्यात लिहून ठेवलेलं होतं, आणि छत्तीस वर्षांनी माझ्या हातात सुई दिली गेली. कुणा एकाचा दोष नव्हता. कुणी ते पान उलटलं नव्हतं एवढंच. बादली येत होती, म्हणून बेडूक मरत होते.

आता त्याच्याकडं दर दोन-तीन महिन्यांनी फायली येतात आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून वाचतो. फॉर्ममध्ये रकाने असतात. कुठला प्राणी, किती, हाच का, एवढेच का, प्राण्याशिवाय होणार नाही का, वेदना कमी करायला काय करणार, शेवटी काय करणार. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं त्यामागं आहेत. पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. आपल्या देशानं त्यात चौथं घातलंय, पुनर्वसन. कागदावर सगळं चोख आहे. पण बहुतेक जण ‘हाच प्राणी का?’ या रकान्यात लिहितात, ‘कारण हा प्राणी अशा अभ्यासांत नेहमी वापरला जातो.’

शेवटच्या रकान्यात शब्द असतो ‘सॅक्रिफाइस’. लॅबच्या भाषेत मारलं म्हणत नाहीत. पहिल्या फाईलला तो थबकला होता. ‘सॅक्रिफाइस म्हणजे बळी ना?’ होय म्हटलं. आमच्या गावच्या लक्ष्मीच्या यात्रेला बकरी पडतात, ते मला लहानपणापासून बघवत नाही. पण तिथं निदान कोण देतंय, कुणाला देतंय, कशासाठी, हे सगळ्या गावाला माहीत असतं. फॉर्मातल्या त्या शब्दात देणारा कोण ते काही केल्या सापडत नाही. उंदरानं तर दिलेलं नसतं. मला साधा मराठी शब्द बरा वाटतो. मारणार आहोत, असं लिहावं.

गेल्या पावसाळ्यातली एक फाईल. एका पाल्याचा अर्क, मधुमेह घडवलेले उंदीर, सहा गट, प्रत्येकात सहा. एम. फार्मचा थिसिस. अशा किती फायली मी विद्यार्थी असल्यापासून बघितल्यात त्याची गणती नाही. एका कॉलेजात पाल्याचा पाण्यातला अर्क, दुसऱ्यात अल्कोहोलमधला, तिसऱ्यात सालीचा. दर वेळी साखर थोडी उतरते, दर वेळी ‘पुढील संशोधनाची गरज आहे’ आणि पुढं काही होत नाही, कारण मुलाला पदवी मिळालेली असते. मला त्या मुलांवर राग नाही, मीही तशीच नऊ मार्कांसाठी उभी होते. पण यात उत्तर हवं असलेला कुणीच नसतो, हे मला आता स्पष्ट दिसतं.

‘सहा सक छत्तीस,’ नवरा म्हणाला. ‘मी काय विचारू? मी मराठीचा मास्तर.’

मी म्हटलं, एवढंच विचार, हे आधी कुणी केलंय का, आणि केलं असेल तर यातनं नवीन काय कळणार. आणि सहा गट कशाला हवेत.

त्यानं मीटिंगमध्ये विचारलं. मराठीतच विचारलं, शेजारच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कानडीत सांगितलं आणि मग सगळे इंग्रजीत बोलले. फाईल परत गेली. महिन्यानं आली तेव्हा आधीच्या अभ्यासांची दोन पानं जोडलेली होती आणि दोन गट गळाले होते. मंजूर झाली.

त्या संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते. तो दारात चप्पल काढत म्हणाला, ‘बारा कमी झाले.’

‘आणि चोवीस?’

‘ते येणार. पुढच्या बुधवारी.’

माझ्या तोंडून शब्द गेला. तो आत येऊन पाटावर बसला, माझ्याकडं बघितलं.

‘कुठलं? आपलं की कानडीतलं?’

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली होती, एका बाजूनं करपल्याचा वास येत होता.